त्र्यंबकरावांच्या घरी समाधान

एका जंगलात, मुलांनो, घुशींचं एक चांगलं खातंपितं घर होतं. घूस तुम्ही पाहिली असेलच. उंदरासारखीच असते. फक्त तिला स्वतःबद्दल आदर जरा जास्त असतो.

या घरातल्या कर्त्या पुरुषाचं नाव त्र्यंबकराव भुयारे. वडाच्या मुळाशी त्यांचं ऐसपैस बीळ होतं. पुढे दिवाणखाना, मधे पोरांची खोली, आत धान्याची खोली आणि मागच्या बाजूला संकटात पळून जायची वाट. ही वाट त्र्यंबकरावांच्या वडिलांनी खणली होती. कारण वडिलांच्या वडिलांना सापानं खाल्लं होतं, आणि त्या वेळी घराला मागचं दार नव्हतं.

त्र्यंबकरावांच्या बायकोचं नाव कुमुदिनीबाई. बाई बोलायच्या कमी आणि बघायच्या जास्त. अशा बाईचा घरात फार उपयोग होतो, पण तो वेळेवर कुणाच्या लक्षात येत नाही.

तर या सुखी घरात एक दिवस दुःख शिरलं. ते शेजारून आलं. दुःख बहुतेक शेजारूनच येतं.

शेजारी काटदरे राहायचे. काटदरे म्हणजे साळिंदर. अंगावर काटे आणि चेहऱ्यावर कायम हसू. या काटदऱ्यांनी एक घोरपड पाळली. संध्याकाळ झाली की वेलीचा दोर बांधून ते तिला फिरायला न्यायचे. वाटेत जो तो थांबायचा.

"चावते का हो?" ससे विचारायचे.

"छे! फार प्रेमळ आहे," काटदरे म्हणायचे. "आमच्याशिवाय तिला चैन पडत नाही."

आतापर्यंत गप्पा मारायला सगळं जंगल त्र्यंबकरावांच्या ओट्यावर जमत असे. ते आता काटदऱ्यांच्या अंगणात जमू लागलं. त्र्यंबकराव ओट्यावर एकटे बसून मिशा साफ करत राहायचे. मिशा साफ झाल्या तरी साफ करत राहायचे. मग त्यांचं जेवणावरचं लक्ष उडालं, आणि घूस जेवेनाशी झाली की प्रकरण गंभीर असतं.

"आपणही काहीतरी पाळू या," एक दिवस ते म्हणाले.

"पाळू या की," कुमुदिनीबाई शेंगा फोडता फोडता म्हणाल्या. "काजवा पाळा. उजेड तरी पडेल."

"तसलं नको. मोठं काहीतरी. लोकांनी वाट वाकडी करून बघायला यावं असं."

"म्हणजे काय?"

त्र्यंबकरावांनी घसा साफ केला. "साप."

कुमुदिनीबाईंच्या हातातली शेंग तशीच राहिली. "अहो, तुमच्या आजोबांना..."

"आजोबांना सापानं खाल्लं, मान्य आहे. पण तो साप पाळलेला नव्हता."

यावर काय बोलावं ते कुमुदिनीबाईंना सुचेना. मुलांनो, तुम्हालाही सुचणार नाही. काही वाक्यं अशी गुळगुळीत असतात की त्यांना कुठून धरावं तेच कळत नाही.

दुसऱ्या दिवशी दोघं मुंगश्यांच्या दुकानात गेली.

मुंगसे म्हणजे मुंगूस. साप दिसला की मारायचा आणि खायचा, ही त्यांच्या घराण्याची पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. पण हे मुंगसे नव्या विचारांचे होते. खाल्लेला साप एकदाच उपयोगी पडतो, हे त्यांनी ओळखलं होतं. म्हणून त्यांनी नदीकाठच्या वाटेवर दुकान टाकलं आणि दारावर पाटी लावली, 'मुंगसे आणि मंडळी. घरगुती साप.'

"या साहेब, या वहिनीसाहेब," मुंगसे म्हणाले. "साप कशासाठी हवाय? संरक्षणासाठी, सोबतीसाठी, की शेजाऱ्यांसाठी?"

त्र्यंबकराव जरा घुटमळले. "सोबतीसाठी," ते म्हणाले. "पण शेजाऱ्यांना दिसेल असा."

"समजलो."

मुंगश्यांनी आधी नाग दाखवला. नाग ऐटीत बसला होता. गिऱ्हाईक दिसताच त्यानं फणा काढला.

"दिवाणखान्याची शान आहे," मुंगसे म्हणाले. "पाहुणे आले की हा उभाच राहतो. एवढी रीतभात हल्ली माणसातसुद्धा राहिली नाही."

"विषारी असेल ना पण?"

"थोडासा."

"छे छे. विषारी नको," त्र्यंबकराव म्हणाले. "आमचं पोराबाळांचं घर आहे."

मग धामण निघाली. लांबसडक आणि तुकतुकीत. पण तिला क्षणभर चैन नव्हती. इकडून तिकडे, तिकडून इकडे, सारख्या येरझाऱ्या. जाळीवर घासून घासून तिचं नाक सोललं होतं.

"ही बिनविषारी," मुंगसे म्हणाले. "पण हिला कोंडलेलं सोसत नाही. पिंजरा फार मोठा लागेल. आणि हात लावलेलाही खपत नाही."

धामण एकदम थांबली आणि त्र्यंबकरावांच्या तोंडाकडे निरखून पाहू लागली. हा चेहरा आपण, नाहीतर आपल्या आजीनं, कुठंतरी पाहिलाय असं तिला वाटत असावं.

"पुढचा दाखवा," कुमुदिनीबाई घाईनं म्हणाल्या.

पुढचं मांडूळ होतं. बिचारं अगदी गरीब. मातीत तोंड खुपसून पडलेलं. त्याचं डोकं कुठलं आणि शेपूट कुठलं तेच कळेना.

"नवशिक्यांना हेच देतो मी," मुंगसे म्हणाले. "थोड्या जागेत राहतं. कुणाच्या अध्यात ना मध्यात."

"स्वभाव छान आहे," त्र्यंबकराव म्हणाले. "पण लहान आहे हो. शिवाय पाहुण्यांनी कौतुक कुठल्या टोकाचं करायचं?"

तेव्हा मुंगश्यांनी कोपऱ्यातलं पान बाजूला केलं.

कोपऱ्यात एक तरणा अजगर वेटोळं घालून पडला होता. अंगावर तपकिरी नक्षी, जशी कुणी सवडीनं काढलेली असावी. डोळे अर्धवट मिटलेले. त्र्यंबकरावांच्या पोटात काहीतरी हललं. ती भीती होती. पण त्र्यंबकरावांना वाटलं, हीच आवड.

"हा किती मोठा होईल?" त्यांनी विचारलं.

"पारंबीएवढा लांब होईल. हळूहळू. अंगावर येणारी वाढ नाही त्याची."

"चावतो?"

"चावायची सवयच नाही."

"धावपळ? आरडाओरडा?"

"नाव नको. जेवला की महिना महिना पडून असतो. पुन्हा ताट मागत नाही."

"असा जावई मिळाला असता," त्र्यंबकराव बायकोला हळूच म्हणाले. मग पुन्हा मुंगश्यांकडे वळले. "आणि आयुष्य किती?"

"तुमच्यापेक्षा जास्त."

"म्हणजे?"

"म्हणजे टिकाऊ आहे."

मुंगश्यांनी मग सगळं नीट समजावून सांगितलं. पिंजरा असा हवा की अजगराला आडवं पसरता आलं पाहिजे. एक बाजू उन्हाची, एक सावलीची. लपायला एक पोकळ ओंडका. अंग बुडवायला पाण्याची कुंडी. आणि कडी पक्की. त्र्यंबकराव प्रत्येक गोष्टीला मान डोलवत होते. आपण केवढे सुजाण गिऱ्हाईक आहोत, हे त्यांचं त्यांनाच जाणवत होतं.

"हा खातो काय?" कुमुदिनीबाईंनी विचारलं.

मुंगसे गोड हसले. "घरचंच खातो, वहिनीसाहेब. बाहेरचं काही आणावं लागत नाही."

"बघ!" त्र्यंबकराव म्हणाले.

तेवढ्यात अजगरानं एक डोळा उघडला. "काका," तो जड आवाजात म्हणाला, "मी अजगर आहे."

"अगं, बोलतो किती नम्रपणे! काका म्हणतोय मला!"

"विकलेला माल परत घेतला जात नाही," मुंगसे म्हणाले, आणि व्यवहार पुरा झाला.

पिंजऱ्याचं काम सुतारपक्ष्याला दिलं. उन्हाची बाजू हवी म्हणून बिळात शोधाशोध झाली. नेमकं ऊन यायचं ते मागच्या वाटेतून. म्हणून पळून जायची ती वाट अडवली आणि तिथंच पिंजरा उभा केला. बांबूचा, घट्ट विणलेला, आत ओंडका आणि कुंडी.

"कडी केवढी बसवू?" सुतारपक्ष्यानं विचारलं. "साप गरीब आहे म्हणता ना?"

"गरीबच आहे," त्र्यंबकराव म्हणाले. "शोभेपुरती बसव."

"दोन बसव," कुमुदिनीबाई म्हणाल्या.

अजगर आला. त्याचं नाव समाधान ठेवलं. जंगलभर बोलबाला झाला की भुयाऱ्यांच्या घरी समाधान आलं. पुन्हा ओटा भरू लागला. ससे आले, खारी आल्या, लांबून लांबून तितर सहकुटुंब आले. त्र्यंबकराव सगळ्यांना पिंजऱ्यासमोर उभं करून माहिती सांगायचे.

"साप निवडताना नुसतं रूप बघू नये," ते म्हणायचे. "स्वभाव बघावा. पिंजऱ्याची जागा बघावी. आधी अभ्यास, मग साप."

"पण काय हो," एखादा ससा विचारायचा, "भीती नाही वाटत?"

"भीती अज्ञानातून येते."

ससे माना डोलवायचे आणि अज्ञानातून दोन पावलं मागे सरकायचे.

काटदरेही आले. त्यांच्या घोरपडीकडे आता कुणी फिरकत नव्हतं. त्यांनी पिंजरा या टोकापासून त्या टोकापर्यंत बघितला. चेहऱ्यावरचं हसू तसंच होतं, पण पाठीवरचे काटे एकेक करून उभे राहिले.

"छान आहे," ते म्हणाले. "फिरायला नेता का?"

"त्याला आपलं घरच आवडतं," त्र्यंबकराव म्हणाले. त्या दिवशी ते पोटभर जेवले.

समाधान मात्र जेवत नव्हता.

त्र्यंबकरावांनी त्याच्यासमोर शेंगदाणे ठेवले. ज्वारी ठेवली. काकडी सोलून ठेवली. आमच्या घरात राहिला की आमच्यासारखं खायला शिकेल, असं त्यांचं मत होतं.

"काका, मी हे खात नाही," समाधान म्हणाला.

"मग काय खातोस बाळा? लाजू नकोस. सांग."

समाधाननं थोडा विचार केला. "घुशी," तो म्हणाला. "ससे. मुंगूस मिळालं तर मुंगूस."

त्र्यंबकराव इतके हसले, इतके हसले की त्यांना ठसका लागला. पुढे आलेल्या प्रत्येक पाहुण्याला त्यांनी हे सांगितलं. "शांत तर आहेच, पण विनोदीसुद्धा आहे!"

पाहुणे विचारायचे, "मग उपाशीच असतो का?"

"उपाशी नाही म्हणायचं. उपवास करतो. श्रावण पाळतो."

श्रावण संपला. भाद्रपद संपला. समाधान श्रावणच पाळत होता. तितरांच्या आजी रोज येऊन पिंजऱ्याला हात जोडून जाऊ लागल्या.

कुमुदिनीबाई हसल्या नव्हत्या. त्यांनी पोरांचं अंथरूण धान्याच्या खोलीत हलवलं, आणि दुपारी कामं आटोपली की निवडायला दाणे घेऊन त्या पिंजऱ्यासमोर बसू लागल्या. जरा लांबच बसायच्या. आधी दोघंही गप्प असायची. मग एक दिवस समाधाननं विचारलं, "काकू, इथून नदी किती लांब?"

"का रे?"

"तिथं एक कातळ होता. दुपारी तापायचा. मी त्यावर असायचो. मग मुंगसेकाका आले."

कुमुदिनीबाई दाणे निवडत राहिल्या. त्यांना त्याची दया येत होती. आणि भीतीही वाटत होती. दोन्ही एकाच वेळी वाटायला लागलं की माणूस कुणाशी बोलू शकत नाही. बोलून तरी काय सांगायचं?

"भूक लागते का रे तुला?" त्यांनी एकदा विचारलं.

"लागते ना. पण काकू, तुम्ही इतक्या जवळ बसू नका. तुमचा वास येतो."

कुमुदिनीबाई उठून दाराशी जाऊन बसल्या. त्या दिवशी त्यांनी नवऱ्याला सगळं सांगितलं. नवरा म्हणाला, "बघ, तुझी किती काळजी करतो तो."

समाधाननं कात टाकली. त्र्यंबकरावांनी ती दिवाणखान्यात तोरणासारखी लावली. नव्या कातडीतला समाधान आणखी लखलखीत दिसू लागला, आणि आता त्याला पिंजऱ्यात सरळ पसरता येईना.

अशात एक मोठी बातमी आली. जंगलातल्या प्राणीमित्र मंडळानं त्र्यंबकरावांना 'आदर्श पालक' म्हणून गौरवायचं ठरवलं. मंडळाचे अध्यक्ष मोरे होते. मोरे म्हणजे मोर. भाषण करायला त्यांना कारण लागत नसे. नुसतं मोकळं मैदान पुरत असे.

वडासमोरच्या अंगणात सकाळच्या कोवळ्या उन्हात समारंभ ठरला. सगळं जंगल लोटलं. पहिल्या रांगेत मुंगसे बसले. त्यांच्याशेजारी काटदरे बसले, आणि काटद‍ऱ्यांच्या शेजारची जागा रिकामी राहिली, कारण तिथं बसणं कुणालाच सोसणारं नव्हतं.

मोरे पिसारा फुलवून बोलायला उभे राहिले. प्रेमानं काय काय जिंकता येतं ते त्यांनी सांगितलं. बराच वेळ सांगितलं. मग ते म्हणाले, "आता आपण त्र्यंबकरावांना हार घालू या."

त्र्यंबकराव उभे राहिले. त्यांना भरून आलं होतं, आणि भरून आलेल्या गृहस्थाला फार चमत्कारिक गोष्टी सुचतात.

"मला हार नको," ते म्हणाले. "माझा हार घरातच आहे. मी समाधानलाच गळ्यात घालतो!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. कुमुदिनीबाई धावत पुढे आल्या.

"अहो, नको."

"अगं, लोक बघताहेत."

मुलांनो, लोक बघताहेत म्हणून जगात जेवढ्या घुशी गेल्या, तेवढ्या सापांमुळेही गेल्या नसतील.

त्र्यंबकराव आत गेले आणि दोन्ही कड्या निघाल्या. समाधाननं डोकं बाहेर काढलं. "काका, खरंच येऊ? मला फार भूक लागलीय."

"ये रे. कार्यक्रमानंतर चिवडा आहे."

समाधान त्यांच्यामागून अंगणात आला. त्यानं त्र्यंबकरावांच्या खांद्यावरून एक वेढा घातला. मग एक कमरेवरून. मग आणखी एक. अंगण भारावून गेलं.

"काय ती माया!" खारी म्हणाल्या.

त्र्यंबकरावांना सुरुवातीला धन्य वाटलं. मग उकडल्यासारखं झालं. मग आपण श्वास सोडला की वेढा आवळतो आणि घेताना सुटत नाही, असं त्यांच्या लक्षात आलं. त्यांना 'पुरे' म्हणायचं होतं.

"पु..." ते म्हणाले.

"पुत्र!" मोरे गहिवरून ओरडले. "ऐकलंत? पुत्र म्हणताहेत ते त्याला!"

तितरांच्या आजींनी डोळे पुसले. टाळ्या थांबेनात. त्र्यंबकरावांना टाळ्या ऐकू येत होत्या, पण आता फार लांबून. समोर काटदरे दिसत होते, आणि काटदऱ्यांचं हसू पहिल्यांदाच मावळलेलं होतं. केवढा आनंदाचा क्षण! पण तो घ्यायला त्र्यंबकरावांच्या छातीत जागाच उरली नव्हती.

नवऱ्याच्या मिशा ताठ झालेल्या एकट्या कुमुदिनीबाईंनी पाहिल्या. त्या आत धावल्या. पिंजऱ्यातली पाण्याची कुंडी त्यांनी ओढत, फरफटत बाहेर आणली आणि रात्रभर गार झालेलं ते पाणी समाधानच्या तोंडावर ओतलं.

समाधान दचकला. वेढे सैल झाले. त्र्यंबकराव ओल्या फडक्यासारखे खाली पडले.

"माफ करा काका," समाधान म्हणाला. "पण मी सांगत होतो."

लोकांत कुजबुज झाली. तेव्हा मुंगसे उठले. धंद्याचा प्रश्न होता.

"घाबरू नका, घाबरू नका!" ते हसत पुढे आले. "हा माझ्या हातचा आहे. मोठ्या सापाला धरायची एक पद्धत असते. मानेच्या मागे असा हात ठेवायचा. बघा, काही करतो का?"

खरंच, समाधाननं काही केलं नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मुंगसे लोकांकडे वळले आणि कमरेत वाकून त्यांनी नमस्कार केला.

वाकलेले मुंगसे पुन्हा सरळ झाले नाहीत. आधी त्यांचं डोकं दिसेनासं झालं, मग खांदे, मग बाकीचं. शेवटी झुबकेदार शेपूट तेवढं थोडा वेळ बाहेर होतं. तेही गेलं. समाधानच्या पोटातून अगदी क्षीण आवाज आला, "विकलेला माल परत..." आणि थांबला.

अंगणात शांतता पसरली. मोऱ्यांना शांतता सहन होत नसे.

"मित्रहो," ते म्हणाले, "विक्रेता आणि त्याचा माल इतके एकरूप झालेले मी आजवर पाहिले नव्हते!"

प्रयोग होता तर! लोकांनी सुटकेचा निःश्वास टाकला आणि पुन्हा टाळ्या वाजवल्या. समाधान जड अंगानं, सावकाश, आपण होऊन पिंजऱ्यात गेला आणि झोपला. कुमुदिनीबाईंनी दोन्ही कड्या लावल्या. सगळ्यांनी चिवडा खाल्ला आणि पाहुणे घरी गेले.

त्र्यंबकराव अंथरुणावर पडले होते. कुमुदिनीबाई त्यांच्या बरगड्यांना हळद लावत होत्या.

"अगं," बऱ्याच वेळानं ते म्हणाले.

"हं."

"ते... प्रेमानं नव्हतं ना?"

"भुकेनं होतं."

त्र्यंबकराव म्हणाले, "भूक म्हणजे एका परीनं..."

कुमुदिनीबाईंनी नुसतं बघितलं. त्र्यंबकरावांनी वाक्य तिथंच सोडलं. संसार टिकवायचा तर काही वाक्यं सोडावी लागतात.

"तू पाणी ओतलंस म्हणून मी आहे," ते हळूच म्हणाले. असं काही ते बायकोला पहिल्यांदाच म्हणत होते. त्यामुळे बरगड्यांपेक्षा तेच जास्त दुखलं असावं.

"हळद झोंबते का?"

"नाही." ते कुशीवर वळले. "आजोबांना असंच वाटलं असेल का गं? शेवटी?"

कुमुदिनीबाईंनी हात थोडा वेळ तिथंच ठेवला.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्या पिंजऱ्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. आज त्या जवळ उभ्या होत्या.

"समाधान, पोट भरलं का रे?"

"भरलं, काकू. आता पुष्कळ दिवस काही नको."

"माझा वास येतोय?"

"येतोय. पण नुसता वास येतोय."

"नदीकडे जायचंय?"

समाधान बघतच राहिला. त्याला किती जणांनी काय काय विचारलं होतं. चावतोस का, लांब किती, वजन किती, हात लावू का. हे कुणी विचारलं नव्हतं.

"वाट सापडेल का मला?" तो म्हणाला.

"वडापासून उताराला लाग. पाण्याचा आवाज येईल."

कुमुदिनीबाईंनी पहिली कडी काढली. मग दुसरी. त्र्यंबकराव भिंतीला धरून उभे होते, पोरं धान्याच्या खोलीत श्वास रोखून बसली होती. समाधान दिवाणखान्यातून निघाला. मधे मुंगश्यांएवढा फुगवटा असल्यामुळे त्याला दारातून जायला बराच वेळ लागला. उंबऱ्यावर तो थांबला. त्र्यंबकराव भिंतीला आणखी चिकटले.

"काका," तो म्हणाला, "पुन्हा कुणाला आणलंत, तर तो काय म्हणतो ते ऐका."

"ऐकेन," त्र्यंबकराव म्हणाले, आणि ते त्यांना मनापासून वाटलं.

शेपटीचं टोक गवतात दिसेनासं होईपर्यंत कुमुदिनीबाई उभ्या होत्या. मग त्यांनी पदरानं डोळे पुसले आणि पोरांना हाक मारली.

बीळ किती मोठं आहे, ते त्या दुपारी सगळ्यांना नव्यानं कळलं. पोरांनी लोळण घेतली. त्र्यंबकरावांनी शेंगदाणे खाल्ले. आता कुठं खरं समाधान, असं म्हणायचं त्यांच्या ओठावर आलं होतं, इतक्यात ओट्यावर पावलं वाजली.

काटदरे होते. त्यांच्यामागे ससे होते, खारी होत्या, आणि नदीपलीकडून मुद्दाम आलेले त्यांचे पाहुणे होते. सोहळ्याची कीर्ती तिथपर्यंत गेली होती.

"म्हटलं, पाहुण्यांना समाधान दाखवावा," काटदरे म्हणाले. "कुठाय?"

त्र्यंबकराव रिकाम्या पिंजऱ्यासमोर उभे होते. खरं सांगायला त्यांनी तोंड उघडलं. मुलांनो, अगदी खरं सांगतो, उघडलं होतं. तेवढ्यात त्यांना काटदऱ्यांच्या पाठीवरचे काटे दिसले. ते अजून उभेच होते.

"आत आहे," त्र्यंबकराव म्हणाले. "ओंडक्यात. जेवून झोपलाय."

सगळे पुढे सरकून ओंडक्याकडे बघू लागले.

"किती शांत!" नदीपलीकडच्या एक बाई म्हणाल्या.

"वासही येत नाही हो काही," दुसऱ्या म्हणाल्या. "किती स्वच्छ ठेवलंय."

"ती बघा, ती बघा शेपटी हलली!" एक ससा ओरडला.

"कुठं?"

"ती काय!"

मग सगळ्यांना शेपटी दिसली. काटदऱ्यांना दिसत नव्हती. त्यांनी डोळे बारीक केले, मान वाकडी केली. सगळ्यांना दिसलेला साप एकट्या आपल्याला दिसू नये, हे त्यांना परवडणारं नव्हतं.

"दिसली," ते शेवटी म्हणाले. "वाढलाय हो. चांगलाच वाढलाय."

त्र्यंबकरावांनी घाबरत घाबरत बायकोकडे पाहिलं. कुमुदिनीबाई चिवड्याचं ताट घेऊन दारात उभ्या होत्या. त्यांनी पिंजऱ्याकडे पाहिलं. नवऱ्याच्या हळद लावलेल्या बरगड्यांकडे पाहिलं. आत गडाबडा लोळणाऱ्या पोरांकडे पाहिलं.

"हळू बोला," त्या म्हणाल्या. "जाग येईल त्याला."

त्यानंतर भुयाऱ्यांच्या घरचा साप फार नावारूपाला आला. तो कधी कुणावर फुसफुसला नाही. त्यानं ताट मागितलं नाही. तो दर महिन्याला थोडा लांब होत गेला, आणि पिंजऱ्याला कधीच कमी पडला नाही. पाहता पाहता जंगलात चांगल्या घराची खूण म्हणजे उन्हाच्या बाजूला दोन कड्यांचा पिंजरा, असं होऊन बसलं. सुतारपक्ष्याला मान वर करायला फुरसत मिळेना. काटदऱ्यांनीही घोरपड सोडून दिली आणि पिंजरा करून घेतला. त्यांचा साप त्र्यंबकरावांच्या सापापेक्षा हातभर लांब आहे, असं ते सांगतात. त्र्यंबकराव त्यावर काही बोलत नाहीत. बोलले तर दोघांनाही पिंजरा उघडून मोजावं लागेल.

आणि नदीकाठच्या तापलेल्या कातळावर एक खराखुरा अजगर ऊन खात पडलेला असतो. त्याला बघायला कुणी जात नाही. त्यालाही त्याचं काही वाटत नाही.

तात्पर्य : शत्रूला घरात जागा देऊ नये, असं जुन्या गोष्टी सांगतात. त्या जुन्या झाल्या. जागा खुशाल द्यावी, उन्हाची द्यावी, ऐसपैस द्यावी, कड्याही पक्क्या बसवाव्यात. फक्त शत्रूला आणू नये. प्रतिष्ठा तेवढीच मिळते.